उचलायचं राहिलेलं सुंबरान

केडगावच्या धनश्री कोकरे हिच्या हातून आजवर अकरा कलाकार भीमा-घोडच्या काठावरच्या वस्त्यांवर राहून गेले. कुणी भिंती रंगवणारं, कुणी नाटक बसवणारं, एक तर नुसते आवाज गोळा करत हिंडणारा. दौंडच्या ‘समहक्क मंच’मध्ये ती हे काम बघते. संस्था माणसांच्या हक्कासाठी भांडते. वकील कोर्टात भांडतात, आणि धनश्री शहरातला कलाकार आणि अन्याय झालेलं घर यांची सोयरीक जुळवते. सोयरीक हा तिचाच शब्द. खोली बघणं, करारपत्र मराठीत समजावून सांगणं, कोण काय खातं, कुणाच्या घरात काय चालत नाही, हे सगळं तिच्याकडं.

कासुर्डीला राजनंदिनी नावाच्या चित्रफिती करणाऱ्या बाईंसाठी ती खोली बघायला गेली, तेव्हा घरमालकानं डोक्यावरची टोपी मागं सारून विचारलं होतं, “ह्या बाई करत्यात काय?”

“इथं राहून काम करतील. तीन महिने राहायचं, हेच त्यांचं काम.”

“राहायचा पगार मिळतो?”

“तसंच समजा, मामा.”

मामा घरात तोंड करून ओरडले, “ऐकलं का? आपण साठ वर्सं फुकाटच राहिलो!”

असे किस्से धनश्री पुण्याच्या बैठकांत रंगवून सांगायची. लोक हसायचे, तीही हसायची. ती सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी मेंढरं विकली आणि कारेगावच्या एका कारखान्यात रखवालदारी धरली. शाळेत पोरी तिच्या दप्तराचा वास घेऊन नाक धरायच्या, कारण दप्तर घोंगडीवर ठेवलेलं असायचं. आता तेच धनगरपण ती बैठकीत ताठ मानेनं सांगायची. पण सांगणं वेगळं आणि पाळणं वेगळं, हे तिला फार उशिरा कळलं.

राजनंदिनीची सोयरीक तिनं म्हाळू शिंगाडे यांच्याशी जुळवली होती. म्हाळूआबा म्हणजे त्या पट्ट्यातले ओव्या गाणारे जुने गडी. त्यांचा पुतण्या शंभू मेंढरं घेऊन शिरूरच्या अंगाला गेला असताना एका गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. वाटेवरचा धनगर सापडला, चोर सापडला. शंभूला मारलं, तीन दिवस कोठडीत ठेवलं, नोंद कुठंच नाही. संस्थेच्या वकिलानं त्याला सोडवलं. पुढं वर्षभरानं खटलाही निकालात निघाला. या साऱ्याची आबांनी नवी ओवी बांधली, आणि राजनंदिनीनं तीन महिने ती बांधणी टिपली.

शेवटी केडगावच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. मुंबईहून पाहुणे येणार होते.

आबांच्या गाण्याची रीत जुनी. आधी नमन, मग सुंबरान मांडायचं, म्हणजे गोष्ट उभी करायची. एकदा मांडलं की ती गोष्ट तडीला नेऊन, ढोलावर भंडारा वाहून उचलायची. मांडलेलं अर्ध्यात सोडून उठत नाहीत. आणि शेवट तालमीत गात नाहीत. तो मांडलेल्या जागीच यायचा. आबा पुढं गायचे, आणि त्यांचे जोडीदार बाळासो मागून झील धरायचे, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून ताणत ठेवायचे.

“म्या पाठ करत न्हाई पोरी,” आबांनी तालमीला सांगितलं होतं. “बाळासो मागनं ढकलतो, तवा माझी पुढली ओळ निघती.”

“आन् मी ढकलला न्हाई तर हा म्हातारा हितंच बसंल, आडमुठ्या बैलावानी,” बाळासो म्हणाले होते.

ही रीत धनश्रीला सांगावी लागत नव्हती. लहानपणी बिरोबाच्या देवळापुढं वडिलांच्या मांडीवर ती पेंगायची, घरी चला म्हणून चिमटे काढायची. वडील म्हणायचे, “मांडलंय बाळा. उचलू दे.”

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं लांबली. आबांचा ढोल वाजला तेव्हा पाहुण्यांना निघायला पाऊण तास उरला होता. नमनालाच वीस मिनिटं गेली. मग घोडनदीची वाट आली, मेंढरं आली, मोटर गेली, शंभूच्या पाठीवरचे वळ आले. आबांनी त्याला कोठडीत नेऊन बसवलं. सभागृह पुढं झुकून ऐकत होतं. शंभूची आई पुढच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती.

पाहुण्यांतल्या एकानं घड्याळ बघितलं. ते धनश्रीनं बघितलं.

राजनंदिनी तिच्या कानाशी आली. “अजून किती आहे? मी गाड्या थांबवू का?”

थांबव, एवढंच म्हणायचं होतं. मधे उठवता येत नाही, आमच्यात तसं नसतं, एवढंच. त्या सगळ्या सभागृहात हे सांगू शकणारी ती एकटी होती. पण कार्यक्रम वेळेत बसवणारी बाई म्हणून तिचं नाव होतं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांना सवय आहे.”

आणि माइक हातात घेऊन ती पुढं झाली. “धन्यवाद आबा! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.”

टाळ्या कडकडल्या. आबांचा हात ढोलावर तसाच राहिला. भंडाऱ्याची पुडी ढोलाच्या दोरीत खोचलेली होती, ती त्यांनी सोडली नाही. घोंगडीत ढोल गुंडाळला आणि गाडीत बसताना तेवढं विचारलं, “उरलेलं कवा?”

“पुढच्या महिन्यात, आबा. नक्की.”

अहवालात तिनं लिहिलं, सादरीकरण अत्यंत यशस्वी. पुढच्या महिन्यात ओडिशाचा एक मुखवटे करणारा आला, त्याची खोली बघायची होती. त्याच्या पुढं लेखापरीक्षण, मग दिल्लीचं शिबिर. दर महिन्याला ती वहीच्या पहिल्या पानावर ‘आबा’ असं लिहायची, आणि महिना संपला की पान उलटायची. दिल्लीलाच एका सकाळी शंभूनं ठेवलेल्या स्टेटसवर बाळासोंचा फोटो दिसला. फोटोला हार होता.

आठ महिन्यांनी ती कासुर्डीच्या वस्तीवर गेली. आबांच्या मालकीण विठाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“आलीस व्हय? मयताला न्हाई, दहाव्याला न्हाई. आता कशाला, फोटू काढाया?”

“चुकले, आजी. दिल्लीला होते.”

“दिल्ली लय लांब. केडगाव तर लांब न्हाई?”

“बसू दे तिला,” आबा आतून म्हणाले. “च्या टाक.”

ढोल खुंटीला होता, घोंगडीत. विठाबाई चहा देऊन पुन्हा दारात शेंगा फोडायला बसल्या. मग धनश्रीनं सारं एका दमात सांगितलं. तेच कार्यालय ठरवते, तीच जागा, पाहुणे नकोत, घड्याळ नको, आपलीच माणसं. शंभूलाही सुट्टी घ्यायला लावते.

आबांनी बशी खाली ठेवली. “आन् झील कोन धरंल?”

तिनं खुंटीवरच्या ढोलाकडं बघितलं.

“तू धरशील? कोकऱ्याची लेक हायस.”

तिनं तोंड उघडलं. वडिलांच्या मांडीवर ऐकलेलं काहीतरी घशाशी आलं, दोन सूर निघाले आणि विरले. विठाबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “आम्ही दोघं बत्तीस वर्सं एकमेकाला ढकलत आलो. शंभूचं म्हणशील तर त्यो सुटला, कारेगावला कामाला लागला, लगीन ठरतंय. समदं खरं. पर माझ्या गाण्यात त्यो आजून आतच हाय. त्याला बाहीर काढायचं हुतं. त्यो घरला येताना दोन रानं अलीकडंच मेंढरामागचं कुत्रं त्याला वळखतं, हितनं पुढं काय तरी हुतं. काय हुतं, ते बाळासोनं ढकलल्याबिगर मला ठावं न्हाई.”

मग त्यांनी तिच्या फोनकडं बोट केलं, “त्या बाईनं भरून घेतलं हुतं न्हवं? वाजीव.”

राजनंदिनीनं टिपलेलं सगळं धनश्रीच्या फोनमध्ये होतं. तिनं आठ महिन्यांत ते एकदाही ऐकलं नव्हतं. आता शेवटचा भाग लावला. ढोल आला, आबांचा आवाज आला, मागून बाळासोंची लांब, भरदार झील आली. विठाबाई दारातून उठून आत आल्या. कोठडीची ओळ आली तसा धनश्रीचा अंगठा फोनकडं गेला.

“बंद करू नगं,” आबा म्हणाले.

तिचाच आवाज आला, हसरा, सराईत. धन्यवाद आबा. मग टाळ्या. आणि टाळ्यांच्या खाली, नीट कान दिला तर, बाळासो. त्यांना थांबायचं कळलंच नव्हतं. सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि ते एकटेच झील ताणून धरत होते, एकदा, पुन्हा एकदा, आबा पुढं निघतील म्हणून.

“बघ,” आबा हळू म्हणाले. “त्यानं ढकललं हुतं.”

“मी थांबवलं, आबा. मला माहीत होतं, तरी थांबवलं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “तुला ठावं हुतं. म्हणून तर म्या थांबलो. म्हटलं, आपल्यातली पोर हाय, काय तरी कारण असंल.”

त्यांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांचा हात आपोआप उचलला गेला, गुडघ्यावर थाप द्यायला, आणि टाळ्या आल्या तिथं हवेतच राहिला.

“ह्या टाळ्या तेवढ्या काढून टाकता येत्यात का? मग त्याची झील मोकळी ऐकू यील. कदाचित मला पुढलं सुचंल.”

पुण्यातल्या एखाद्या आवाजाच्या जाणकाराला विचारून सांगते, असं म्हणावं असं तिला वाटलं. पण ऐकतानाच तिला उत्तर कळलं होतं.

“नाही, आबा. दोन्ही एकातच मिसळलंय. टाळ्या काढायला गेलं, की झीलही जाईल.”

आबांनी मान डोलावली. उठून खुंटीवरचा ढोल जरा सारखा केला. भंडाऱ्याची पुडी दोरीतून घसरत आली होती, ती त्यांनी अंगठ्यानं दाबून पुन्हा आत खोचली.