विसण

मृग कोरडा गेला होता. सकाळच्या पेपरात प्रशांत महासागराचा नकाशा होता. तिकडचं पाणी एखाद्या अंशाने तापलं, म्हणून इकडचा पाऊस रेंगाळलाय, असं खाली लिहिलं होतं. एका अंशाने एवढं काय होतं, असं पुटपुटत पेपर हातात घेऊनच मी मोरीच्या दाराशी गेलो.

माझ्या नातीला न्हाऊ घालणाऱ्या शेवंताबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी बादलीत कोपर बुडवलं आणि लगेच काढलं. "कढत आहे. विसण द्या."

मी हात घालून पाहिला. मला कोमटच वाटलं. "तुमच्या हाताला काय कळतंय," त्या म्हणाल्या, "कोवळ्या कातडीला कळतं."

विसणाला गार पाणी हवं, आणि पिंपाच्या तळाला तांब्या नुसता खरवडत होता. नळाला पाणी येऊन आठ दिवस झाले होते. "मग थांबू," म्हणत त्यांनी उघड्या पोरीला पदराखाली घेतलं. ती रडायला लागली.

एवढ्या महासागराला विसण कोण घालणार? तोही असाच आपला आपण निवणार, कित्येक महिन्यांनी. तोवर इकडे जे जे कोवळं आहे त्याने काय करायचं? मी बादलीत पुन्हा हात घातला. थोड्या वेळाने पुन्हा.

"भाऊ, सारखा हात घालू नका," शेवंताबाई म्हणाल्या. "त्यानं पाणी लवकर निवत नाही."

मी हात काढला. दुसऱ्या हातातला पेपर घामाने भिजला होता.