डावीकडचे टाळ

आमच्या भासऱ्यांइतका स्वतःच्या कानांवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. त्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, आणि मेकॅनिकनं झाकण उघडायच्या आत दोष कोणता ते कानानं ओळखून सांगितलं. रिटायर होऊन शेलूबाजारला घरी आले, पण कान कामावरच राहिले. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की गिरणीवाल्याच्या आधी यांना कळतं. मोहरी पुरती तडतडायच्या आत मी कढीपत्ता टाकला, तर ओसरीतून हवेत बोलतात, "घाई झाली वाटते." हवेतच बोलावं लागतं, कारण आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. बावीस वर्षं मी त्यांना दाराआडून चहा दिला, ताट दिलं, पण समोर उभी राहून एक शब्द बोलले नाही. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीला सांगतात. मला काही सांगायचं असलं तर मी भांडं जरा जोरात ठेवते. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात, यांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर शोधायला घेतला. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, तशा नळ्यांचा. चालू केला की त्या हळूहळू तांबूस पेटतात आणि मग गाणं येतं. जाऊबाई नातवासाठी पुण्याला राहतात, त्यामुळे ओसरीवर यांना अडवणारं कोणी नव्हतं. कपाटाएवढे दोन जुने लाकडी स्पीकर आणून त्यांनी भिंतीशी उभे केले. "चिपमधून येते ते दुकानातली पालिशची दाळ," ते पाहुण्यांना सांगत, "नळीतून येते ते घरची." अ‍ॅम्प्लिफायर कसा घ्यावा याचे त्यांचे नियम पक्के होते. तो म्हशीपेक्षा महाग नसावा, कारण म्हैस दूध तरी देते. वॅट किती ते विचारू नये, कारण मोठ्या कागदी पडद्याचे स्पीकर चार वॅटमध्येही मोकळे बोलतात. जास्त वॅट लग्नाच्या वरातीला लागतात. आणि आतला ट्रान्सफॉर्मर जड पाहिजे. त्यासाठी ते प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर सोयाबीन मोजायच्या काट्यावर ठेवत. आमचे हे म्हणाले, "दादा, आवाज किलोनं घेऊन राह्यले काय?" त्यावर दादांनी शांतपणे दुसरं वजन चढवलं. हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकून शिकले, आणि मला आजही ते पटतं.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर कुरिअरनं आला. त्याच्या नळ्यांखाली निळे दिवे होते. भासऱ्यांनी ते पाहूनच तोंड वाकडं केलं. पेटलेल्या नळीखाली दिवा लावणाऱ्यावर त्यांचा भरवसा बसेना. तरी त्यांनी त्यांची भजनाची सीडी लावली. त्या सीडीत पेटी उजव्या स्पीकरमधून येते आणि टाळ डाव्या. पाच मिनिटांत निकाल लागला, डावी बाजू मंद आहे. परत पाठवला. दुसरा मंगरूळपीरच्या एका माणसाकडून जुना आणला. तो मळणीयंत्रासारखा घुमायचा, आणि डावी बाजू त्याचीही मंद निघाली. यावेळी भासऱ्यांनी रीतसर तपास केला. तारांची अदलाबदल केली. टाळ उजवीकडे आले ते स्वच्छ वाजले, पण डावीकडे गेलेली पेटी मंद झाली. मग स्पीकरच बदलून पाहिले, डावी बाजू मंदच. मग सगळा संसार उचलून समोरच्या भिंतीला नेला. तिथंही तेच, म्हणून परत जागेवर आणला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "हा फिरता दोष हाये. गाडीत बी असे दोष राह्यते." त्यांनी तारा बदलल्या, डबे बदलले, भिंत बदलली. फक्त खुर्चीत बसणारा माणूस तोच राहिला.

मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी दाराआड पीठ चाळत बसायची आणि मला पेटी आणि टाळ दोन्ही स्वच्छ ऐकू यायचे. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. एकतीस वर्षं ते त्या कानाशी ओरडत होतं. रस्त्यावर डावीकडून कोणी हाक मारली तर भासरे वळत नाहीत, आणि लोक म्हणतात मोठा माणूस आहे, तोऱ्यात असतो. स्वयंपाकघर त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला आहे, म्हणून माझी मोहरी त्यांना ऐकू येते. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मोठ्या भावाले बहिरा म्हणू? मले या घरात राहाचं हाये."

तिसरा अ‍ॅम्प्लिफायर कारंज्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातानं बनवला होता. फळ्यांचा डबा, वर चार नळ्या, हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. काट्यावर चांगला भरला, म्हशीच्या किमतीच्या आत बसत होता, आणि वाजायला लागला तेव्हा माझा हात चाळणीवर थांबला. पेटीवाल्याचं बोट पट्टीवरून उचललेलं कळत होतं. आठ दिवस भासऱ्यांनी तो ऐकला, दर दिवशी खुश झाले, आणि दर दिवशी शेवटी डावी बाजू मंद म्हणून बंद केला. नवव्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. हाही खोटा निघाला तर स्पीकर विकून टाकायचे आणि हा नाद सोडायचा, असं त्यांनी भिंतीला सांगितलं होतं. ते बोललेलं फिरवत नाहीत.

मिस्त्री जीपनं आले, ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, दोन्ही बाजू बराबर हाये. मी मीटर लावून आणला."

"तुमचं मीटर मोजते, मी आयकतो," भासरे म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अ‍ॅम्प्लिफायरकडे, आणि तो बंद केला. नळ्या गरम असताना हलवत नाहीत, म्हणून दोघं त्या थंड व्हायची वाट पाहत बसले. तेवढ्या वेळात मी चहा केला. दाराशी नेला आणि भांडं जोरात ठेवलं. भासऱ्यांनी पाहिलं नाही. मिस्त्री डबा बांधायला पिशवीतून सुतळी काढायला लागले. मी डोक्यावरचा पदर घट्ट धरला.

"दादा," मी म्हणाले, "खुर्ची फिरवून बसा. रस्त्याकडं तोंड करून."

मिस्त्रींच्या हातातली सुतळी तशीच राहिली.  भासरे उठले, खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. मिस्त्रींनी पुन्हा चालू केला. नळ्या तापायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि टाळ आले. भासऱ्यांच्या उजव्या कानाशी, स्वच्छ, एकेक टाळ वेगळा. आठ दिवस भरून वाजलेली पेटी आता मंद होती. कोणी तार हलवली नव्हती. भासऱ्यांनी डावा हात उचलून कानावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. भजन संपेपर्यंत ते वळले नाहीत.

"मिस्त्री, बांधू नका," मग ते म्हणाले. "गाडी चांगली हाये."

संध्याकाळी शेतातून आल्यावर आमच्या ह्यांना कळलं, तर त्यांना अ‍ॅम्प्लिफायर राहिल्याचं काहीच वाटलं नाही. "तू बोलली?" एवढंच तीनदा विचारलं.

कानाचा विषय भासऱ्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी खुर्ची परत सरळ करून घेतली. गाणाऱ्याकडे पाठ करून ऐकणं बरं दिसत नाही म्हणे. पण आता रोज चार वाजता नळ्या तापल्या की भिंतीला न सांगता सरळ दाराकडे वळून विचारतात, "बाई, डावीकडं काय वाजून राह्यलं?"

मी सांगते. टाळ आहेत, आता दोघं वाजवतात, आता एक थांबला. ते डोळे मिटून मान हलवतात. कधी तिथं फारसं काही वाजत नसतं. तेव्हाही मी थोडं सांगते.