रेखाला अर्थ कळत होते

दोन हजार सालच्या ऑगस्टात मी अमेरिकेला निघालो तेव्हा गोंदियाच्या फलाटावर बाबा एकटेच आले होते. माझी धाकटी बहीण रेखा आली नाही. "तिले ताप हाय," बाबा म्हणाले आणि रुळांकडे पाहत राहिले. तिला ताप नव्हता. वर्षभर ती बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. तिचा राग कशाचा हे तिला ठाऊक होतं, पण तो कुणावर असायला हवा हे फक्त मला ठाऊक होतं. मी गाडीत चढलो आणि गप्प राहिलो.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, ते आज सांगतो.

आदल्या वर्षी नागपूरचं इंजिनिअरिंग संपवून मी गोंदियाजवळच्या आमच्या गावी, कामठ्याला, घरी बसलो होतो. अमेरिकेतल्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी पाठ करावी लागे. त्यातले कित्येक शब्द इतके जुने, इतके अडगळीतले, की इथं वीस वर्षं होत आली तरी त्यातला एकही मला ऑफिसात कुणी ऐकवलेला नाही. रेखा बारावी होऊन आईसोबत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, समोर माझं पुस्तक उघडं. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधतात, तसा तिने शब्दांचाही पंचवीसचा कट्टा केला. तिचा बांधून होईस्तोवर माझा झाला पाहिजे, नाहीतर, "चाल, उकल कट्टा! पयल्यापासून सांग."

महिन्याभरात मी अडायचो, ती अडेना. आणि अर्थ पुस्तकातले सांगत नसे. 'क्रेपस्क्युलर'? "ढोरं घरी येतेत ना, त्या वेळचा." 'लुगुब्रियस'? "तेरवीले आलेल्या मामीचं तोंड. रडते कमी, दाखवते जास्त." 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल, ती म्हणाली, "टॅसिटर्न म्हणजे आपले बाबा. एवढं सोपं हाय, काऊन अडून राहिला रे दादा?" मी हसायचो. आतून जळायचो.

जूनमध्ये तिच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम घरी आल्या. नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए., मुलींच्या वसतिगृहात जागा, सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. बाबांनी फक्त हो म्हणायचं होतं. बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते मला धानाच्या बांधीकडे घेऊन गेले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून विचारलं, "तू शिकेल हायस. खरं सांग, पोरीले हे समजते, का नुसती पोपटावानी बोलते?"

माझ्या परीक्षेला दोन महिने होते. ती गेली तर माझे शब्द कोण घेणार, हे एक. दुसरं लिहायला मला इतकी वर्षं लागली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, आणि नागपुरात ते सगळ्यांना कळलं असतं.

"पोपट हाय बाबा," मी म्हणालो. "तिकडे टिकणार नाही. हसं होईल."

बाबा घरी आले आणि एवढंच बोलले, "नाही जायचं." माझं नाव घेतलं नाही. पोरीला वाईट वाटू नये म्हणून असेल. रेखाने त्यांच्याशी बोलणं सोडलं ते त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मात्र सूप मांडीवर घेऊन तिने माझं पुस्तक उघडलं. शब्द विचारले. मी उत्तरं दिली. परीक्षेत मार्क चांगले पडले.

पुढे तिचं बिरसीला लग्न झालं. तिथंही विड्या वळणं सुटलं नाही. तंबाखूची धूळ छातीत बसली. मी ओहायोत घर घेतलं, गॅरेज, बेसमेंट, सगळं. शेवटच्या दुखण्यात बाबा फोनवर म्हणाले, "रेखाले विचारजो, काऊन बोलत नाही माह्यासंग?" मला विचारत होते! "विचारतो बाबा," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते गेले. तेरवीला रेखा अंगणात उभी होती. डोळे कोरडे. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि तेव्हाही बोललो नाही.

चार-पाच वर्षांनी रेखाला सगळं फोनवर सांगितलं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. पलीकडून बिरसीच्या धावपट्टीवरच्या, शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची घरघर तेवढी येत होती. मग म्हणाली, "बाबाले मालूम होतं का, तू खोटं सांगतलं म्हणून?"

"नाही."

"मंग मी इतके वर्ष त्याईले..." पुढचं तिने म्हटलं नाही. फोन ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी फोन करतो. जावई, म्हणजे रेखाचा नवरा, उचलतात. सरळ माणूस, खोटं जमत नाही. "भाऊ, 'मी घरी नाही म्हणून सांगा', असं म्हणून राहिली तुमची बहीण." मागे तिचा खोकला ऐकू येतो. मी बरं म्हणतो आणि धानाचं विचारतो, ढोरांचं विचारतो, पुन्हा धानाचं विचारतो. जावयांना कळतं. तेही उत्तर लांबवत राहतात. आई गेल्यापासून कामठ्याच्या घराला कुलूप आहे, ओहायोच्या घराची चावी माझ्या खिशात आहे. पण तिकडून तो खोकला येतो तेवढा वेळच मी घरी असतो. मग जावई म्हणतात, "ठेवतो आता, भाऊ."