अर्ध्या किमतीची काठी

मी पदवीधर झालो तो शंकरमामांमुळे. गोल्फच्या मैदानावर आयुष्यभर साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहून त्यांनी मला शिकवलं. स्वतःची काठी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

त्यांच्यासाठी काठ्यांचा संच घ्यायला परवा दुकानात गेलो. मोबाइलवर तोच संच अर्ध्या किमतीत दिसत होता, तसं बोललोही. दुकानदारानं मोडकी काठी समोर ठेवली.

"ही एका गिऱ्हाइकानं तिथूनच मागवलेली, नकली. फटका मारताना काठीचं डोकं उडालं."

"कुणाला लागलं का?"

"पिशवीवाल्याच्या कानाजवळून गेलं. नशीब त्याचं!"

तुटलेल्या टोकाशी सुकलेला डिंक होता. कंपनीचं नाव मात्र अस्सलासारखं चमकत होतं. तेव्हापासून डोळे मिटले की ते डोकं हवेत गरगरताना दिसतं, आणि त्याच्या वाटेत पिशवी घेतलेले मामा. स्वस्ताचा मोह एकाला होतो, वाटेत उभं मात्र दुसरंच कुणी असतं.

काल पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप मामा, साष्टांग नमस्कार. पूर्ण संच इतक्यात जमणार नाही. खात्रीच्या दुकानातून एकच काठी पाठवतोय. ती अस्सल आहे. तरी फटका मारताना जवळ कुणाला उभं राहू देऊ नका."