परत आलेली माणसं

धुळ्याच्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मी बरीच वर्षं समुपदेशक आहे. खोलीचं दार लावलं की माणूस आधी आजाराचं सांगतो, मग भलतंच काहीतरी. आजाराचं डॉक्टरांकडे जातं. भलतं माझ्याकडे साचतं. नावं बदलून त्यातलं थोडं सांगते.

*

फैजपूरकडचे एक आबा. त्यांना आजार कळला तेव्हा फुकट औषधं आली नव्हती. निदान म्हणजे निरोपच. आबांनी बांधावरचा लिंब तोडून स्वतःच्या सरणाची लाकडं गोठ्यात रचून ठेवली. पुढे औषधं सुरू झाली, आबा सावरले. लाकडं तशीच. मुलीचं लग्न निघालं, आचाऱ्याने जळण मागितलं, आबांनी गोठा दाखवला.

"मी पोटभर जेवलो," आबा म्हणाले. "बायको मात्र भट्टीकडे बघत बसली. म्हणाली, धुराला तुमच्या अंगाचा वास येतोय."

*

सुरुवातीच्या औषधांनी जीव वाचायचा, पण त्यातल्या एका गोळीने काहींचे गाल पार आत जायचे. ती गोळी कधीच बंद झाली. ती चालू होती त्या काळात जळगावच्या स्टँडवर आमच्या एका पेशंटसमोर कुणी अनोळखी येऊन उभा राहिला. तसेच गाल, तसेच खोल डोळे.

"मॅडम, मला वाटलं समोर आरसाच आहे."

त्या माणसाने हळूच विचारलं, "कोणतं सेंटर?" आणि उत्तराची वाट न बघता गर्दीत निघून गेला.

*

सोनगीरचा एक ट्रक ड्रायव्हर आजार कळल्यावर घर सोडून गेला. तो गुजरातमध्ये वारला असं कुणीतरी घरी सांगितलं. घरच्यांनी दिवस घातले. हा तिकडे औषधांवर चांगला जाडजूड झाला आणि एका दुपारी दारात उभा राहिला. माय उंबऱ्यावरच थांबली.

"कोण शे?"

"मी शे, माय."

"पहिले पाय दखाड."

भुताचे पाय उलटे असतात, म्हणून. त्याने चपला काढल्या, पाय दाखवले. मग माय रडली, आत घेतलं.

"पण पितृपक्षात ती अजून माझ्या नावाचं पान ठेवते, मॅडम. सुरू केलेलं मोडवत नाही म्हणते. मी घरात जेवत असतो. आणि बाहेर कावळा लगेच शिवतो."

*

धुळ्यातल्या एका कापड दुकानदार शेठजींचा रिपोर्ट आला: व्हायरस सापडत नाही. शेठजी खूश. मी म्हटलं, "गोळी अशीच रोज घेतलीत तर तुमच्यापासून शेठाणींनाही लागण होणार नाही. पण सापडत नाही म्हणजे गेला असं नाही. गोळी सोडली की परत उठतो."

"मग आता असतो कुठे?"

"तुमच्याच अंगात. झोपलेला."

शेठजी स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तर मॅडम, जरा हळू बोला."

*

सुमनअक्का अमळनेरच्या. शिवणकाम करायच्या. नवरा तेलगिरणीत होता. औषधं येण्याआधीच एड्सने गेला. मधल्या काळात झोपताना घ्यायची एक गोळी होती, तिने विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडायची. लोक तक्रार करायचे. अक्कांनी कधी केली नाही.

नवी गोळी आली, स्वप्नं थांबली. सगळे सुटलो म्हणाले. अक्का तेवढ्या माझ्यासमोर पदर चाळवत बसल्या.

"जुनी गोळी मिळेल का, ताई? ते रोज यायचे. गिरणीतून आल्यासारखे, हात तेलकट. पुसायला फडकं मागायचे. मी द्यायचे."

मी समजावलं की नवी गोळी जास्त चांगली आहे. त्या मान हलवून गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी रफिकभाई आले. जळगावचे, सुतारकाम करणारे. डॉक्टरांनी त्यांना काही कारणाने जुनीच गोळी चालू ठेवली होती. अक्कांची आणि त्यांची गाठ कधी पडलेली नाही. दोघांचे यायचे दिवसही वेगळे.

"इतकी वर्षं ही गोळी घेतोय, मॅडम, कधी त्रास नव्हता," ते म्हणाले. "आता रोज स्वप्नात एक माणूस येतो. ओळखीचा नाही. दारात उभा राहून तेलाचे हात पुढे करतो, फडकं मागतो. मी देतो. तो ते घेत नाही. आत डोकावून विचारतो, सुमन कुठे गेली?"