काकांचं खातं

सोमवारी सकाळी नियमवालीनं चहात दोनदा साखर घातली आणि गॅस बंद केलाय का ते तीनदा पाहिलं. सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. "पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या? टेक की जरा!"

टेकणार कशी? आज बारा वाजता तिचाच नियम लागू होणार होता.

विद्यापीठाच्या संगणक विभागात तिला अठरा वर्षं झाली. कोणती माहिती कुणी पाहायची, पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा, सगळं कागदावर बसवायचं काम तिचं. म्हणून तर 'नियमवाली' हे नाव पडलेलं. यंदा तिनं कलम घातलं, नोकरीवरून गेलेल्या माणसाचं संगणकावरचं खातं बंद. शुक्रवारी समितीत एकानं विचारलं, "एखादा अपवाद ठेवायचा का?" तर हीच फणकारली, "अपवाद ठेवला की सगळे त्यातूनच निसटतात." साहेबांनी मान डोलावली. झालं मंजूर.

आणि घरी येताना, बसच्या पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच तिला आठवलं. पदवीची प्रमाणपत्रं छापणारी यंत्रणा अजून परीक्षा विभागातल्या काकांच्या खात्यावर चालते! काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा घाई होती. "चार दिवस माझाच पासवर्ड वापर, पोरी," म्हणाले होते. ते चार दिवस काही सरले नाहीत. सकाळी ही बाई काकांच्या नावानं आत शिरायची, आणि दुपारी दुसऱ्याचा पासवर्ड वापरला म्हणून लोकांना दटावायची.

गुपचूप दुसऱ्या नावावर करावं, तर त्याला साहेबांची सही लागते. ते कलमही तिचंच. गप्प बसावं, तर शनिवारच्या पदवीदानातून नऊशे मुलं हात हलवत परतणार. बोलावं, तर खुर्ची जाणार.

शेवटी आज ऑफिसात पोचल्यावर तिनं काकांना फोन लावला.

"म्हणजे मी अजून कामावर आहे होय? मग हजेरी कोण मांडतंय माझी?" काका खो खो हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "सांगून टाक बाई. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत."

साडेअकरापर्यंत ती साहेबांच्या दाराशी तीनदा जाऊन परत आली. शिपाई म्हणाला, "ताई, फरशी झिजेल हो." चौथ्यांदा ती आत गेली आणि एका दमात सगळं ओकली.

साहेबांनी चष्मा काढला. "नियम कुणी लिहिला?"

"मी."

"मोडला कुणी?"

"मीच. सहा वर्षं."

साहेबांनी खणातून नियमभंगाचा अर्ज काढून पुढे सरकवला. तोही तिनंच आखलेला. लोक पाल्हाळ लावतात म्हणून 'कारण' या रकान्याला तिनं एकच ओळ ठेवली होती. आता तिचं कारण त्या ओळीत काही मावेना. कागद उलटा करून मागची कोरी बाजू तिनं भरून काढली.

साहेबांनी वाचलं. काकांच्या खात्याला शुक्रवारपर्यंत मुदत, तोवर यंत्रणा विभागाच्या नावावर न्यायची, असं खाली लिहून सही ठोकली. तिचं काय करायचं, ते गुरुवारी समिती ठरवणार.

बारा वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन आला. "सुटलो का गं मी?"

"नाही काका. आणखी चार दिवस कामावर. या वेळी लेखी आहे."

"आणि तू?"

"गुरुवारी कळेल," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून न घेता उभ्याउभ्याच कामाला लागली.