भरलेलं भांडं बोलत नाय

भांड्याजवळून जाताना काकू त्यावर वाकवलेल्या बोटाने टकटक करत, क्षणभर कान देत आणि समाधानाने म्हणत, "भरलेलं भांडं बोलत नाय." रिकामे असले तर ते खणकन वाजे. मग त्यांचा चेहरा असा होई, की जणू त्या भांड्याने त्यांना उलट उत्तर दिले आहे.

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत त्या अगदी समोरच्या दारात राहत. पोस्टात खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षे लोटलेली, मुलगा पुण्यात. तुमच्याही जिन्यावर पाणी साठवणारे कुणीतरी असेलच. पण काकूंची साठवण निराळ्याच दर्जाची होती. हंडे, कळश्या, पिंप, बादल्या यांच्यात विशेष काही नाही. त्यांच्याकडे कुकरमध्ये पाणी असे, डब्यांत असे, पुरणयंत्र ठेवायच्या पातेल्यातही असे. आई म्हणायची, "काकूंकडे कढई मागू नये. पाण्यासकट मिळते."

आमचा वॉचमन त्यांना चिडवी, "काकू, गंगापूरचं धरण तुमच्या गॅलरीत हलवायचं म्हणताय ना?"

"हलव की. किल्ली मात्र माझ्याकडं राहील."

त्यांचे माहेर घोटीच्या पलीकडचे. पावसाळ्यात तिथे छत्रीचा उपयोग होत नाही आणि उन्हाळ्यात विहिरीचा. "धरण उशाला नि कोरड घशाला," त्या म्हणत. "लय पाणी पाहिलंय मी. म्हणून तर विश्वास नाय त्याच्यावर."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे आणि अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. साहजिकच मी त्यांच्या पद्धतीचे परीक्षण केले. उघड्या पिंपात डासांच्या अळ्या सापडल्या. त्या मी त्यांना भिंगातून दाखवल्या. "अगो बाई, काय वळवळतंय!" म्हणून त्यांनी त्याच दुपारी जुन्या साडीची फडकी फाडली आणि प्रत्येक भांड्याचे तोंड बांधले. फडके सैल बांधून उपयोग नाही, हे मी दोनदा बजावले. "बांधते गं, इंजेक्शनवाली," त्या म्हणाल्या. मी कुणालाही इंजेक्शन देत नाही, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.

रोज सकाळी नळ आला की कालचे पाणी झाडांना जाई आणि ताजे भरले जाई. शिळे पाणी पिण्यासाठी ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, पाणी मागायला आलेल्याला नाही म्हणायचे नाही. या दोन नियमांवर त्यांचे घर उभे होते.

गेल्या हिवाळ्यात बादली उचलताना त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड वाचले, पण मुलगा धावत आला आणि त्याने पुण्याला चलण्याचा हट्ट धरला.

"तिथे चोवीस तास पाणी आहे, आई."

"चोवीस तास पाणी असलं की माणसं भांडी विसरतात."

शेवटी माझ्यासमोरच तह झाला. तुझे तुला इथे नीट जमते आहे असे दिसेल तोवर विषय काढणार नाही, असे तो म्हणाला. तो गेल्यावर काकूंनी एका हंड्यावर टकटक केली. "बघितलंस? हेच माझं घर राखणार."

मे महिन्यात मुख्य जलवाहिनी फुटली. इमारतीची टाकी दुसऱ्या दिवशी कोरडी पडली आणि आमच्या बोळात टँकर वळेना. मग सगळा जिना काकूंच्या दारात आला. कुणी कळशी घेऊन, कुणी बाटल्या घेऊन. आईने मला कुकर देऊन पाठवले.

"घे. सांडू नको," काकू म्हणाल्या. "देवघरातला तांब्याचा हंडा तेवढा राहू दे. तो माझा."

तो हंडाही तिसऱ्या सकाळी खाली गेला. पहिल्या मजल्यावर बाळंतीण होती. तिची सासू दारात नुसती उभी राहिली. मागण्याचे तिला धाडस झाले नाही. काकूंनीच हंडा पुढे सरकवला.

त्याच दुपारी मुलगा न कळवता आला. बातमी वाचून निघाला होता. मी तिथेच होते. चप्पल काढता काढता तो म्हणाला, "आई, आधी पाणी दे गं."

काकू आत गेल्या. बाहेर आम्हाला टकटक ऐकू आली. एक भांडे बोलले. मग दुसरे. मग तिसरे. मग आवाज थांबला.

मी धावत घरी गेले आणि त्यांनीच दिलेल्या पाण्यातून तांब्या भरून ओढणीआड धरून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात आले. त्यांनी तांब्याच्या तोंडावर पंजा ठेवला.

"दिलेलं पाणी परत घेत नसतात."

"काकू, त्याला फक्त घोटभर."

"त्याला नाय कळणार. मला कळेल."

बाहेर जाऊन त्या मुलाला म्हणाल्या, "संपलं रे. ध्यानातच राहिलं नाय माझ्या."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्याने गाडीतून विकतची बाटली आणली आणि आधी आईला पाजली. लहान मुलाला पाजतात तशी.

तो निघाला तेव्हा जिन्यात गाठून मी त्याला सगळे क्रमाने सांगितले. कोण काय घेऊन गेले, हंडा कुणाला गेला, त्या विसरल्या नव्हत्या हे कशावरून. पुरावा भक्कम होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे स्वतःसाठी ती घोटभरही ठेवत नाही," तो म्हणाला. "मग तर तिला एकटं ठेवणं जास्तच धोक्याचं."

माझ्याच निरीक्षणांवरून त्याने काढलेला हा निष्कर्ष मी अजून खोडून काढू शकलेले नाही. दोष पुराव्यात नव्हता आणि त्याच्या प्रेमातही नव्हता. तरीही जे घडले ते घडायला नको होते.

नळ आला. जिना पुन्हा आपापल्या दारांत गेला. काकू शाळा सुरू होण्याच्या सुमारास पुण्याला गेल्या. निरोप द्यायला सगळे खाली उतरले होते. सगळ्यांच्या हातांत काही ना काही होते. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. "इंजेक्शनवाली, लय शिक," म्हणाल्या. तेवढेच.

परवा मुलाचा फोन आला. भाडेकरू घर बघायला येणार आहेत, जरा दार उघडून ठेवाल का? मी गेले. गॅलरीत भांडी ओळीने पालथी घातलेली होती. मी सवयीने एकेकावर टकटक केली आणि प्रत्येकाने खणकन उत्तर दिले. देवघरात मात्र तांब्याचा हंडा सुलटा होता. तोंडाला साडीचे फडके, अगदी मी सांगितले होते तसे घट्ट. मी बोट वाकवून वाजवले.

तो बोलला नाही.

इतक्या दिवसांचे पाणी कोणत्याही कसोटीवर टाकून देण्याच्याच लायकीचे. त्यांच्या नियमानेही ते शिळे होते. मी फडक्याची गाठ सोडायला हात घातला, आणि ती आणखी एकदा आवळून परत आले.